आधी कोणती पाकळी पडली

माझा जावई रूपेश त्या रविवारी नातीच्या विज्ञानाच्या धड्याला पहिल्यांदा बसला, तो धडा शिकायला नव्हे, मोडायला. हे मी आकसानं लिहितो आहे असं वाटेल, आणि थोडा आकस असेलही. मुलीच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याला जावयाविषयी निर्मळ मनानं काही लिहिता येतं की नाही, मला माहीत नाही. पण पडवीत मांडी घालता घालता तो स्वतःच म्हणाला, "बघू तरी, काय थेरं चालतात इथं."

रूपेश लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर आहे. आठवडाभर तिकडेच खोली करून राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो आणि सोमवारी पहिल्या एसटीनं जातो. घर मिरजोळ्याच्या पुढे, वाडीत. घरात त्याची आई सावित्रीबाई, माझी मुलगी मृणाली, नात नेत्रा आणि मी. मी आयुष्यभर शहरातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. बायको गेल्यावर मृणालीनं मला इथं आणलं. सावित्रीबाईंनी नको म्हटलं नाही. फक्त पहिल्या दिवशी माझी पुस्तकांची खोकी पाहून म्हणाल्या, "व्याही, वाळवीला बरा खाऊ आणलात."

नेत्रा आधी शहरातल्या एका इंग्रजी शाळेत जायची. मोठ्यानं वाचताना ती अडखळायची आणि बाई तिला दाराशी उभी करायच्या. पुढे पुढे रोज सकाळी शाळेची गाडी यायच्या आधी ती ओकायला लागली. तेव्हा मृणालीनं तिला शाळेतून काढली. मिरजोळ्याला आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात मृणाली रस तपासायचं काम करायची, ते तिनं सोडलं आणि नेत्राला घरी शिकवायला घेतलं. पुस्तकातलं मी वाचून दाखवायचं, हातानं करायचं ते मृणालीनं. कोकमाच्या पाण्यात चुना टाकून रंग कसा फिरतो ते पाहायचं. जांभ्याचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून तो किती पाणी पितो ते मोजायचं. नेत्राचं ओकणं थांबलं. मला वाटलं, चाललंय ते बरं चाललंय. माझ्या वाटण्याला फारसा अर्थ नसतो, पण तसं वाटलं खरं.

मृणालीचा एक हट्ट होता. धड्याच्या वेळी घरात जे मोठं माणूस असेल त्यानं बसायचं आणि नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. आई-बाप हात काळे करताना दिसले की पोराची भीती जाते, असं तिचं म्हणणं. सावित्रीबाईंनी ते उडवून लावलं. "मी भाकरी थापते तो काय प्रयोग नाय?" रूपेश तर रविवारी धड्याची वेळ झाली की मुद्दाम चपला घालून बाहेर पडायचा. त्याचा राग मला कळत नव्हता असं नाही. तो म्हणायचा, "मी तिथं तोंडाला फडका बांधून पाळ्या काढतो, ते कशाला? माझ्या हातात सर्टिफिकेट नव्हतं म्हणून. आणि माझी पोर घरात बसून कोकमाचं पाणी ढवळते." शनिवारी त्याच्या चपला पायरीवर वाजल्या की नेत्रा पुस्तक उचलून माझ्या खोलीत येऊन बसायची. मी समजत होतो, तिला शाळेची भीती वाटते, बाप शाळेचं काढील म्हणून ती येते.

मे महिन्यात देवळात वाडीची बैठक होती. तिथं सगळ्यांसमोर सावित्रीबाई म्हणाल्या, "माज्या नातीचं काय करायचं ते आता देवालाच विचारू. कौल लावू."

आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवाची पाषाणाची मूर्ती पाण्यानं भिजवतो आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी चिकटवतो. मग देवाला प्रश्न घालतो. देवाच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर हो, डाव्या हाताची आधी पडली तर नाही. पिकाचं विचारतात, लग्नाचं विचारतात, हरवलेल्या जनावराचंही विचारतात. सावित्रीबाईंचा प्रश्न ठरलेला होता. पोरीला शाळेत घालावी का? उजवी पडली की जूनमध्ये शाळा.

सगळी वाडी मृणालीकडे बघत होती. नाही म्हणायला जागा नव्हती. ती म्हणाली, "लावा." कौल पुढच्या रविवारी लावायचं ठरलं.

तर हा धडा बैठकीच्या दुसऱ्याच दिवशीचा. रूपेश बसला, कारण त्याला वाटलं आता जिंकलोच आहोत, शेवटचं बघून तरी घेऊ. मृणालीनं स्वयंपाकघरातला पाटा आणून पडवीतल्या भिंतीला उभा टेकवला होता. काळा, गुळगुळीत झालेला दगड. शेजारी पाण्याचा तांब्या आणि परडीत तगरीची फुलं.

परडी बघून रूपेशच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय?"

"आजचा धडा," मृणाली म्हणाली. "ओल्या दगडाला पाकळी का चिकटते आणि का पडते."

"देवाला धड्यात घेतलंस?"

"देव देवळात आहे. हा पाटा आहे. काल यावर तुमच्याच आईनं वाटण वाटलंय."

आतून सावित्रीबाईंचा आवाज आला, "माजा पाटा धुऊन ठेवा म्हंजे झालं. मिरचीला तगरीचा वास नको."

नेत्रानं पाटा भिजवला आणि दोन पाकळ्या सारख्या उंचीवर लावल्या. एक पडली, मग दुसरी. पुन्हा लावल्या. बाहेरच्या, अंगणाकडच्या अंगाची पाकळी आधी पडली. पुन्हा लावल्या, पुन्हा तीच.

"दोन पाकळ्या सारख्या कशावरून?" रूपेश म्हणाला. तो टोमणा होता, पण प्रश्न बरोबर होता. नेत्रा म्हणाली, "पप्पा, मग तुम्ही निवडा."

त्यानं एकाच फुलाच्या दोन पाकळ्या काढल्या, उजेडात धरून बघितल्या, एक टाकून दुसरी घेतली. मग पाणी किती लावायचं त्यावरून मृणालीला अडवलं. "एका बाजूला चोळतेस, एका बाजूला शिंपडतेस. आमच्याकडे अशी बॅच घेतली तर साहेब हाकलून देईल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." त्यानं तांब्या तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि बोटं बुडवून दोन्ही अंगांना सारखं पाणी लावलं. तो पुढे सरकला होता. गुडघे ओले झाले तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याचे हात इतके बेताचे आणि नेमके असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. नेत्रा त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

पाकळी पुन्हा अंगणाकडचीच पडली.

"वारा," रूपेश म्हणाला. त्यानं माझ्याकडे हात केला. "भाऊ, तो पेपर द्या." मी वाचत नसलेलं वर्तमानपत्र त्याला दिलं. ते उघडून त्यानं अंगणाच्या बाजूला आड धरलं. आता कधी ही पडे, कधी ती. पेपर काढला की अंगणाकडचीच.

"वाऱ्याच्या बाजूचं पाणी आधी वाळतं," नेत्रा म्हणाली. "म्हणून तिची पकड आधी सुटते. हो ना पप्पा?"

"हां. बरोबर."

तो एवढं म्हणाला आणि हसला. मीही हसलो असेन. मग नेत्रा विचार करत म्हणाली, "देवळात देवाच्या उजव्या हाताला दार आहे ना? गुरवकाका पाणी घेऊन येतात ते? तिकडून समुद्राचा वारा येतो."

पेपर अजून रूपेशच्या हातात होता.

"म्हणजे उजवीच पडणार," नेत्रा म्हणाली.

रूपेशनं पेपरची घडी घातली. "ऐकलंस?" तो मृणालीला म्हणाला. "तुझ्याच प्रयोगानं तू हरलीस."

मृणालीचा चेहरा असा झाला की मी खाली बघितलं. मला वाटतं, तिनं हा धडा वेगळ्याच आशेनं मांडला होता. कौल म्हणजे दगड आणि पाणी, एवढं पोरीला दिसलं की पुढच्या रविवारी जे होईल त्याचं ओझं तिच्या मनावर राहणार नाही, असं काहीतरी. पण ते मी तिला विचारलं नाही. मी विचारत नाही कुणाला काही.

"हा कौल नाही मग," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता स्वतः पेपर धरून बघितलंत."

"आता तू देवाला खोटा पाड."

"मी देवाचं नाव घेतलं नाही. पाकळी काय करते ते तुमच्यासमोर आहे."

"वाडीत जाऊन सांग ना असं. बघू किती जण ऐकतात."

"वाडीचं कशाला, तुम्हाला पटलंय की नाही ते सांगा."

त्याला पटलं होतं. ते दिसत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडला. "मला एवढंच पटलंय की माझी पोर जूनमध्ये शाळेत जाणार. वाऱ्यानं जाईल नायतर देवानं जाईल."

सावित्रीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी धडा ऐकला नव्हता, भांडण ऐकलं होतं. "झाला तुमचा प्रयोग? पाटा आणा आत. आमाला जेवायचं हाय."

जेवायला मृणाली बसली नाही. रूपेश बसला आणि दोन घास खाऊन उठला. नेत्रानं भात कुस्करून ठेवला. मी सावित्रीबाईंच्या धाकानं ताट पुसून खाल्लं.

तो आठवडा कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. लोट्याहून रूपेशचा फोन रोज यायचा तो आईला. मृणाली धडे घ्यायची, पण एकेक शब्द तोलून, जणू समोर नेत्रा नसून कुणी पंच बसला आहे. एकदा नेत्रानं बेरीज चुकवली तर ती म्हणाली, "असं केलंस तर तुझे पप्पाच खरे ठरतील." नेत्रानं ती बेरीज पुन्हा केली आणि मग सगळी उजळणी पुन्हा केली, कुणी सांगितलं नसताना. मी बाजूला बसलो होतो. तेव्हा काही बोलावं असं मनात आलं, पण कुणाच्या बाजूनं बोलायचं ते ठरेना.

रविवारी दुपारनंतर आम्ही देवळात गेलो. धोंडू गुरव वाट बघत होता. वाडीतली चार माणसं मंडपात बसली होती, त्यांचं लक्ष आपापल्या बोलण्यात होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आम्ही घरचे उभे राहिलो. नेत्रा सगळ्यांत पुढे, तिच्या मागे मी. देवाच्या उजव्या हाताचं छोटं दार उघडं होतं आणि तिथून वारा येत होता. समईची ज्योत त्यानं एका बाजूला कलली होती.

धोंडूनं पाषाण भिजवला. पाकळ्या लावण्याआधी तो वळला. "काय विचारायचं ते एकदा नीट सांगा. मग फिरवाफिरव नको."

सावित्रीबाई पदर सारखा करून तोंड उघडणार, तेवढ्यात मृणाली म्हणाली, "मी सांगते. पोरीला घरी शिकवावी का? घरी शिकवावी असेल तर उजवी दे."

"माजा प्रश्न तो नव्हता," सावित्रीबाई म्हणाल्या.

"तोच आहे, आई. नुसता दुसऱ्या बाजूनं. पोर माझी आहे, मी विचारते."

धोंडूनं मान हलवली. "आईनं विचारला तर चालतो. देवाला काय, दोन्हीकडून सारखंच." तो पाकळ्यांकडे वळला.

सावित्रीबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. रूपेशला दिसलं. तो मृणालीकडे बघत राहिला, मग ज्योतीकडे, मग दाराकडे. तो मंडपातून बाहेर गेला. देवळाला वळसा घालून जाणारी त्याची पावलं ऐकू आली आणि ते छोटं दार बाहेरून लागलं. ज्योत सरळ झाली.

"दार उघडं राहू दे," मृणाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण धोंडूचा हात थांबला.

रूपेश परत आला होता. "का?"

"कोंडल्यासारखं होतंय."

"मागच्या रविवारी नाही झालं ते. पेपर मी आड धरला होता तेव्हा."

"पाकळ्या लावू का नको?" धोंडू म्हणाला.

"लाव," रूपेश म्हणाला. "दार राहू दे बंद. देव बोलेल तर बोलेल."

धोंडूनं पाकळ्या लावल्या, हात जोडले, गाऱ्हाणं घातलं. देवा, हे घर तुझ्या उंबऱ्यावर आलंय, लेकराच्या शिकण्याचा वाद आहे, घरी शिकवावी असं तुझ्या मनात असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे.

पाकळ्या हलल्या नाहीत. वारा नव्हता. बराच वेळ गेला. वाट बघणं असह्य झालं तेव्हा सावित्रीबाईंनी मुलाला विचारलं, "दाराचा काय रे तुमचा? मगासपासून भांडताय तो?"

रूपेशला बोलायला नको होतं. पण आठवडाभर साठलेलं होतं. "त्या दारातून वारा येतो आणि उजवी आधी पडते. हिला माहीत आहे. म्हणून हिनं प्रश्न फिरवलान."

सावित्रीबाईंना समजायला क्षणभर लागला. मग त्या सुनेकडे पूर्ण वळल्या. "देवाशी लबाडी?"

"तुमच्या मुलालाही माहीत होतं," मृणाली म्हणाली. "तुमच्या प्रश्नाला उजवीच पडणार हे माहीत असून तो आठवडाभर गप्प बसला. ती लबाडी नव्हती?"

"मी दार तरी लावलं," रूपेश म्हणाला.

"मी प्रश्न फिरवल्यावर लावलंत. आधी का नाही लावलंत?"

"तुला पोर घरात डांबून ठेवायची आहे. तिचं काय होईल ते होवो, तुला माझ्यावर जिंकायचंय."

"आणि तुम्हाला काय हवंय? पोर हवीय की वाडीत सांगायला दाखला?"

"बापाच्या पुस्तकांनी डोकं फिरवलान हिचं," सावित्रीबाई म्हणाल्या. हे माझ्यावर होतं. "शिकल्यासवरल्या घरातली सून केली, आता देव शिकवते आमाला."

मंडपातली माणसं उठून उभी राहिली. धोंडू पाषाणाकडे पाठ करून उंबऱ्यावर आला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "देवासमोर आवाज नको. बाहेर जाऊन काय ते करा. सावित्रीवैनी, तुम्ही तरी."

मला लोकांच्या भांडणात तोंडांकडे बघता येत नाही. लहानपणापासूनचं आहे. कुणी आवाज चढवला की मी समोर जे निर्जीव असेल त्याकडे बघतो. त्या वेळी समोर पाषाण होता, म्हणून मी पाषाणाकडे बघत होतो. उजवी पाकळी एका कडेनं सुटली, खाली घसरली, दगडाच्या फुगवट्यावर जराशी अडली आणि पडली. डावी त्याच्यानंतर पडली. मी ते स्पष्ट बघितलं. दार बंद होतं, वारा नव्हता, आणि उजवी आधी पडली.

धोंडू मागे वळला तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली होत्या.

"पडल्या," तो म्हणाला. "कुठली आधी पडली?"

रूपेश, मृणाली, सावित्रीबाई, तिघंही खाली पडलेल्या पाकळ्यांकडे बघत राहिली. कुणी बघितलंच नव्हतं.

"पुन्हा लावू," रूपेश म्हणाला.

"पुन्हा नाही." धोंडूचा आवाज कडक होता. "एका प्रश्नाला एक कौल. देव काय तुमच्या घरचा गडी आहे? तुम्ही बघितला नाहीत तो तुमचा दोष. कुणी बघितलंय का ते सांगा."

"मी बघितलं," नेत्रा म्हणाली.

ती उंबऱ्याशी सगळ्यांत जवळ होती आणि तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. सगळे तिच्याकडे झुकले. मृणालीच्या तोंडावर मला त्या आठवड्यात पहिल्यांदा सुटका दिसली. घरी राहावं असं वाटणारी घरात दोनच माणसं होती आणि त्यातलं एक आता बोलणार होतं.

"डावी," नेत्रा म्हणाली. "डावी आधी पडली. मग उजवी."

ती अडखळली नाही.

"नीट बघितलंस?" धोंडूनं विचारलं.

"हो. डावी."

मृणालीचा हात उंबऱ्याच्या चौकटीवर गेला. सावित्रीबाई म्हणाल्या, "झाला तर मंग. पोर खोटा कशाला बोलेल? तिलाच घरी बसायचा होता." आणि ते सगळ्यांना पटलं. आपलंच नुकसान करणारी साक्ष कोण खोटी म्हणेल?

मृणाली माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही तिच्या मागेच उभे होतात. तुम्ही बघितलंत?"

नेत्रानं वळून पाहिलं नाही. तिची मान मात्र ताठ झाली. मला तिच्या वेणीचा भांग दिसत होता. एकदा वाटलं, माझंच चुकलं असेल. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, उजेड कमी होता. दुसऱ्या क्षणी कळलं की चुकलेलं नाही, आणि त्या पोरीला तेच नको होतं.

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

येताना रूपेश आणि सावित्रीबाई पुढे गेले. मृणाली त्यांच्यामागे एकटी. नेत्रा आणि मी सगळ्यांत मागे, कारण मी हळू चालतो. आंब्याच्या बागांमधून वाट जाते. तिथं आल्यावर मी विचारलं, "उजवी पडली ना आधी?"

"तुम्हाला दिसलं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

ती थोडा वेळ पायांनी वाळलेली पानं उडवत चालली. मग म्हणाली, "शाळेत प्रयोग चुकला ना आजोबा, तर बाई फळा पुसतात. एवढंच होतं."

"दाराशी उभं करतात की."

"करतात." तिनं खांदे उडवले. "ते फक्त मला करतात. पण दुपारच्या सुट्टीत सगळे डबे खातात. कुणी खायचं थांबत नाही."

मला वाटत होतं, शनिवारी ती शाळेच्या भीतीनं माझ्या खोलीत येते. वर्षभर मी तसंच समजत होतो, तिच्या शेजारी बसून पुस्तक वाचत.

"आईला सांगणार?" तिनं विचारलं.

"तू सांगणार?"

"मी खोटं बोलले. मी कशी सांगणार?" ती म्हणाली, आणि पुढे धावत गेली, पण आईपर्यंत पोचली नाही. मध्येच पावलं मंदावून तिथंच चालत राहिली, पुढच्या तिघांच्या आणि माझ्या मधोमध.

घरी आल्यावर सावित्रीबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि रूपेशनं नेत्राच्या जुन्या शाळेतल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. त्याच्या आवाजात फार आनंद नव्हता. फोन ठेवल्यावर तो पडवीत एकटाच बसला, आणि थोड्या वेळानं नेत्राला हाक मारून म्हणाला, "रविवारी मी असतो. तेव्हा काही करायचं असेल तर करू." नेत्रा बरं म्हणाली आणि आत गेली.

मृणाली माझ्या खोलीत आली. दार लावून उभी राहिली. "भाऊ, इथं कोणी नाही. खरं सांगा. डावी पडली?"

मी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत होतो. नोकरी सोडणं, पोरीला घरी शिकवणं, हा सगळा झगडा तिनं माझ्याच विचारांवर ओढवून घेतला होता असं मला कधी कधी वाटतं. तिचं मी एवढं तरी देणं लागत होतो. पण मी खरं सांगितलं असतं तर ती त्याच क्षणी बाहेर जाऊन लढली असती आणि नेत्राला दुसऱ्यांदा साक्ष द्यावी लागली असती.

"डावी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "देवळात तुम्ही म्हणालात नीट दिसलं नाही."

खोटं बोलायची सवय नाही असं म्हणणार होतो, पण ते म्हणणंही शोभलं नसतं. बाहेर नेत्रा आजीशी काहीतरी बोलत होती, आवाज ऐकू येत होता. मृणालीनं त्या आवाजाकडे मान वळवली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट कशी जुळत गेली ते मी पाहिलं. मी तिचा बाप आहे, तेवढं मला वाचता येतं.

"तिनं स्वतः?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

ती रडली नाही. दार उघडून पडवीत गेली. रूपेश अजून तिथंच होता.

"उद्या रजा टाका," ती त्याला म्हणाली. "शाळेत प्रवेशाला दोघांनी जायचं."

"दोघं कशाला? मी करतो ना."

"दोघांनी. तिला दाराशी उभी करणार नाही, एवढं त्या बाईंकडून माझ्यासमोर कबूल करून घ्यायचं. आणि तिथं माझ्याशी भांडायचं नाही. एक शब्द नाही. जमेल?"

"आता मला शर्ती घालतेस? हरल्यावर?"

"हो," मृणाली म्हणाली. "जमेल का ते सांगा."

रूपेशनं आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून सावित्रीबाईंनी जेवायला हाक मारली. नेत्रानं चार पाट मांडले होते आणि पाचवा, आईचा, हातात घेऊन ती दारात उभी होती, तो मांडायचा की नाही हे कुणीतरी सांगेल म्हणून.